रमण्यातली चौतीस काळविटं

जमुनाबाई कुणाच्याही घरी दोन दिवसांच्या वर राहत नसत. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,’ हे त्या दुसऱ्यांना ऐकवत आणि स्वतःही पाळत. धारच्या कन्याशाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईनं बोलावं एक आणि करावं दुसरं, हे शोभलं नसतं. पण १९९८ च्या जानेवारीत त्या आपल्या भाच्याकडे, मनावर गावाच्या बाजूच्या चुनखडीच्या खदानीवर गेल्या आणि तब्बल बावीस दिवस राहिल्या. अक्कल गेली म्हणून नव्हे. तिथून पाय निघणंच शक्य नव्हतं.

झालं होतं असं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी सकाळीच रणवीरचा फोन आला. रणवीर त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. एका सिमेंट कंपनीच्या खदानीवर झाडंझुडपं आणि पर्यावरण बघायचं काम त्याच्याकडे होतं.

“आत्यासाहेब, वाईट बातमी आहे. बसून ऐका.”

“मी फोन उभ्यानंच घेते. बोल.”

“रमण्यातला कळप पकडून नेणार आहेत. टोळी बोलावलीय. जाळी लावून धरायचा, ट्रकमध्ये घालायचा आणि खातेगावच्या पुढे जंगलात नेऊन सोडायचा.”

“सागाच्या जंगलात? काळवीट?” जमुनाबाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. “मग मासेही झाडावर नेऊन सोडा म्हणावं!”

“वरून ठरलंय. मी काय करू?”

“तू काही करू नकोस. जीप पाठव.”

रमणा म्हणजे संस्थानाच्या काळचा राखीव माळ. तिथं गुरं न्यायला बंदी, कुऱ्हाड न्यायला बंदी आणि बंदूक फक्त दरबारची किंवा दरबारच्या पाहुण्यांची. जमुनाबाईंचे वडील संताजीराव, म्हणजे आबासाहेब, शिकारखान्याचे दारोगा होते. काळविटं राखायची, त्यांच्यासाठी गवत राखायचं, पाणी राखायचं आणि मग वर्षातून दोनदा तीच काळविटं साहेबलोकांच्या बंदुकीसमोर आणून उभी करायची, असं ते काम. लहानपणी जमुनाबाईंना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मोठेपणी वाटलं, पण तोवर विचारायला आबासाहेब राहिले नव्हते.

संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला. मग माळावर नांगर आले, ज्याच्या हाती बंदूक त्याची शिकार झाली. शेकड्यांनी असलेल्या जनावरांतली चौतीस उरली होती, तीही माळाच्या पश्चिम टोकाला, जिथं खडकामुळे नांगर चालत नव्हता म्हणून. आणि नांगर चालत नव्हता, कारण खाली चुनखडी होती. ज्या दगडानं त्यांना पन्नास वर्षं वाचवलं, तोच आता कंपनीला हवा होता.

कंपनीनं आधी पूर्वेकडची बाजू खणली होती. तिथला दगड संपला, तेव्हा परवान्यातल्या अटीप्रमाणे तो खड्डा मुरमानं भरून काढला. आधी बाजूला काढून ठेवलेली काळी माती वर पसरली, गवताचं बी टाकलं, पावसाचं पाणी साठावं म्हणून एक उथळ तळं केलं. एकशे दहा एकर जमीन, आणि रणवीरची सहा वर्षं. पश्चिमेचा तुकडा खणायला घेण्याआधी कळपानं आपण होऊन या नव्या माळावर यावं, अशी सगळी योजना होती. मध्ये फक्त डंपरचा कच्चा रस्ता. काळवीट दोन उड्यांत ओलांडेल एवढाच. पण दोन वर्षं झाली, एकही जनावर इकडे आलं नव्हतं. आणि सोमवारी, दोन फेब्रुवारीला, पश्चिमेकडे पहिला सुरुंग उडायचा होता.

जमुनाबाई जीपमधून उतरल्या त्या थेट मॅनेजरच्या ऑफिसात गेल्या. कृष्णराव चंद्रपूरकडचे, पंचावन्नचे, भला पण दमलेला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

“मागे दुसऱ्या एका खदानीवर अशीच काळविटं धरली होती म्हणे,” जमुनाबाई म्हणाल्या. “किती धरली?”

“अकरा.”

“पोचली किती?”

कृष्णरावांनी चष्मा काढून पुसला. “पाच. बाकीची ट्रकमध्येच... अंगावर जखम नव्हती हो एक.”

“काळविटाला मरायला जखम लागत नाही. भीतीच पुरते. टोळी परत पाठवा. तीन आठवडे आहेत, कळप इकडे आणू.”

“बाई, नीट ऐका. टोळी धामनोदला येऊन बसलीय. आज नको म्हटलं, तर मार्चशिवाय परत मिळणार नाही. आणि सुरुंगाची तारीख माझ्या हातात नाही. कळप आला नाही, तर पहिल्याच धमाक्याला उधळणार. एका अंगाला गावची कुत्री, दुसऱ्या अंगाला ट्रकचा रस्ता. मग ते पाप कुणाच्या माथी?”

“माझ्या,” जमुनाबाई म्हणाल्या.

म्हणून बसल्या. मग कृष्णरावांनी फोन उचलला आणि टोळी नको म्हणून कळवलं.

नवा माळ बघायला रणवीर त्यांना मोठ्या हौसेनं घेऊन गेला. खांद्याएवढं गवत, मधूनमधून सुबाभळीची दाट बेटं, रस्त्याच्या कडेनं कंपनीच्या कॉलनीतल्या लोकांनी लावलेल्या रोपांची लांबलचक रांग.

“बघा आत्यासाहेब! खड्डा होता इथं, विश्वास बसतो?”

“नाही बसत. फारच हिरवं केलंस.” जमुनाबाईंनी गवतात हात घातला, तो कोपरापर्यंत दिसेनासा झाला. “हत्ती पाळायचे आहेत का?”

रणवीरचा चेहरा पडला. तशी त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माती छान धरली होती पोरानं. मारवेल आणि पवन्या, दोन्ही गवतं जोमात होती. फक्त काळवीट डोळ्यांवर जगतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चारी बाजूंना लांबवर दिसलं तरच ते मान खाली घालून चरतं. उंच गवतात त्याला प्रत्येक काडीमागे बिबट्या दिसतो. शिकारखान्यात दसरा झाला की गवत पट्ट्यांनी कापत. दोन पट्टे कापायचे, एक उभा ठेवायचा. कापलेल्यात जनावर चरतं, उभ्यात हरिणी पाडस लपवते. हे आबासाहेबांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. जमुनाबाईंनी ते घोड्यावर त्यांच्या पुढ्यात बसून पाहिलेलं होतं.

गवत कापायला शेजारच्या गावातून बावीस बाया आल्या. त्यांची पुढारी कमल, चाळिशीची, विळा कमरेला आणि जीभ त्याहून धारदार.

“माजी, यो चारो तो म्हारा माथा से ऊँचो हे,” गवत बघून ती म्हणाली. “इण में हिरण कई आवेगो? म्हारो आदमी भी घुसे तो पाछो नी मिले!”

“मग कापू नकोस, आयतीच सुटशील,” जमुनाबाई म्हणाल्या. बावीसच्या बावीस बाया हसल्या, आणि त्या हसण्यातच काम सुरू झालं.

आठ दिवस विळे चालले. सुबाभळीची बेटं तोडली. तळ्याच्या काठी खडेमिठाची ढेकळं ठेवली. जमुनाबाई डोक्याला स्कार्फ, पायात रणवीरचे कॅनव्हासचे बूट, हातात काठी अशा दिवसभर उन्हात उभ्या. बावीस तारखेला माळ कसा नव्यानं भांग पाडल्यासारखा दिसायला लागला. इकडच्या टोकाला उभं राहिलं की तिकडच्या टोकाचा ससा दिसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप आला. मचाणावरून रणवीर दुर्बिणीतून बघत होता, त्यानं आत्याचं मनगट धरलं. पुढे एक म्हातारी हरिणी, तिच्यामागे बाकीच्या, सगळ्यात शेवटी शिंगांना चार पीळ पडलेला काळाकुळकुळीत नर. रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या. माना उंच केल्या, नव्या माळाकडे पाहिलं, नाकं वर केली. मिठाचा वास त्यांना नक्की येत होता. मग म्हातारी हरिणी एकदम दचकली, वळली, आणि सगळा कळप आल्या वाटेनं परत गेला.

संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

कॉलनीत गंमत सुरू झाली. कँटीनमध्ये रणवीरला बघून कुणीतरी ओरडलं, “क्यों भिया, हिरणों का वीज़ा नहीं आया क्या अभी?” दुसरा म्हणाला, “अरे, बुआजी खुद एम्बेसी में बैठी हैं, आ जाएगा.” रणवीर हसला, पण घरी येऊन जेवला नाही. जमुनाबाईही जेवल्या नाहीत. पाप ‘माझ्या’ माथी, असं त्या कृष्णरावांना म्हणून बसल्या होत्या. टोळी तर आता खरगोनच्या पलीकडे कुठे तरी गेलेली.

“आत्यासाहेब, मी एक बोलू का?” कृतिकानं पानं उचलता उचलता विचारलं. कृतिका म्हणजे रणवीरची बायको. इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी वाचताना अडखळायची, म्हणून जमुनाबाईंसमोर जरा जपूनच बोलायची. “आपण सगळे बघतो इकडून. मचाण पण इकडेच. ती हरणं उभी राहतात तिथून काय दिसतं, ते कुठे कोणी बघितलंय?”

जमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “मुली, बत्तीस वर्षं मास्तरकी केली मी. वर्गात मागच्या बाकावर बसून फळा बघावा, एवढी अक्कल मला नको होती का?”

दुसऱ्या दिवशी रविवार. डंपर बंद. सकाळी नऊच्या सुमाराला कळप माळाच्या आत लांब गेलेला पाहून जमुनाबाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. जिथं खुरांचे ताजे ठसे थांबले होते, तिथंच रणवीरच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, हातांवर रेलून हरणाच्या डोळ्याएवढी मान खाली आणली.

“आत्यासाहेब, कंबर धरेल.”

“धरू दे. गप्प बस.”

समोर नवा माळ स्वच्छ दिसत होता. तळं चमकत होतं. जनावरानं न यायला काही कारणच नव्हतं. तेवढ्यात वारा सुटला.

आणि रस्त्याच्या कडेची ती रोपांची रांग फडफडायला लागली.

प्रत्येक रोपाभोवती तीन काठ्या रोवून सिमेंटची रिकामी पिशवी गुंडाळलेली होती. शेळ्यांनी पाला खाऊ नये म्हणून. सिमेंटच्या कारखान्यात दुसरं काय फुकट मिळणार? दोन वर्षांपूर्वी वृक्षारोपणाच्या दिवशी कॉलनीतल्या तीनशे कुटुंबांनी एकेक झाड लावलं होतं, आणि पिशवीवर रंगानं आपापल्या मुलाबाळांची नावं घातली होती. सगळ्यांना ती रांग इतकी सवयीची झाली होती की ती कुणाला दिसतच नव्हती. उन्हानं पिशव्यांच्या दशा निघाल्या होत्या, त्या वाऱ्यावर पांढऱ्या जिभांसारख्या लवलवत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक फट नाही.

हे त्यांनी पाहिलेलं होतं. पाहिलेलं कसलं, केलेलं होतं.

हाक्याच्या, म्हणजे जनावरं हाकून बंदुकीपुढे आणायच्या, आदल्या दिवशी शिकारखान्याच्या अंगणात बायका-मुली बसायच्या. जुनी धोतरं, फाटकी लुगडी यांच्या वीतभर चिंध्या करायच्या आणि लांब दोरीला हात हात अंतरावर गाठीनं बांधायच्या. ती दोरी माळाच्या दोन्ही बाजूंना ताणली की मागून ढोल वाजोत, कुत्री सुटोत, काळवीट ती हलती चिंधी ओलांडत नसे. सरळ बंदुकीकडे जाई, पण चिंधीकडे नाही. आठ-नऊ वर्षांची जमुना सगळ्यात भराभर गाठी मारायची. आबासाहेब कौतुकानं म्हणायचे, आमच्या जमूची गाठ सुटत नाही.

“रणवीर,” त्या म्हणाल्या, “अरे, तुम्ही हाका लावलाय. दोन वर्षं झाली, दोरी बांधून बसलाय तुम्ही.”

रणवीरला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. समजलं, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. “आणि मी म्हणत होतो, गवत कमी पडतंय म्हणून आणखी लावा!”

पण पिशव्या काढणं सोपं नव्हतं. कृष्णराव ऐकून घेऊन म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण ती झाडं कंपनीची नाहीत, घराघरातली आहेत. माझ्याच नातीचं आहे, वेदिकाचं, फाटकापासून सातवं. दर रविवारी पाणी घालायला जाते. पिशवी काढली की दुसऱ्या दिवशी शेळ्या फस्त करतील. मी हुकूम काढला, तर तीनशे घरं माझ्या दारात उभी राहतील. सगळ्यात पुढे वेदिका.”

“हुकूम काढूच नका,” जमुनाबाई म्हणाल्या. “कृतिका, तुझं हळदीकुंकू कधी आहे?”

“मंगळवारी, आत्यासाहेब.”

“सगळ्या कॉलनीला बोलाव.”

मंगळवारी दुपारपासून रणवीरच्या क्वार्टरपुढे बायकांची रीघ लागली. मराठी घरांतल्या तर आल्याच, हिंदी घरांतल्याही आल्या. कृतिकानं नव्या काळ्या साडीत सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची एकेक वाटी दिली. जमुनाबाई आतल्या खोलीत होत्या. यजमान जाऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. त्यांच्या माहेरी अजून जुनी रीत होती. विधवा बाईनं हळदीकुंकवाच्या बैठकीत यायचं नाही, आणि शाळेत सगळ्यांना नवे विचार शिकवणाऱ्या जमुनाबाईंनीही ही एक रीत, का कुणास ठाऊक, कधी मोडली नव्हती.

त्या दिवशी त्या पडदा सारून बाहेर आल्या. एका प्रौढ बाईंनी नकळत पदर सावरला.

“घाबरू नका, मी हळदीकुंकू मागायला आले नाही,” जमुनाबाई म्हणाल्या. “पण वाण मागायला आलेय. एकोणीस वर्षांत मला कुणी वाण दिलेलं नाही. आज तुम्ही सगळ्यांनी द्यायचं.”

“क्या चाहिए, बुआजी?” मागून कुणीतरी विचारलं.

“सिमेंटची पिशवी.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग जमुनाबाईंनी सगळं सांगितलं. चिंध्यांची दोरी सांगितली, म्हातारी हरिणी कशी दचकून वळते ते सांगितलं, ट्रकमध्ये मेलेली सहा सांगितली. आपण लहानपणी गाठी मारल्या, हेही सांगितलं.

“और पेड़?” एक तरुण सून म्हणाली. “हमारे सार्थक का पेड़ है. बकरी खा गई तो वो तो रो-रोके घर सिर पे उठा लेगा.”

“नी खावेगी,” दारातून कमल बोलली. कृतिकानं तिलाही बोलावलं होतं, पण ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. “म्हें बोरड़ी का काँटा लगई दूँगी. हमारा खेत पे कई सीमेंट की थैली लगे हे? काँटा लगे हे. बकरी तो कई, बकरी को बाप भी मूँडो नी घाले.”

हशा पिकला. आणि हशातच मघाशी पदर सावरलेल्या बाई उठल्या, कृष्णरावांच्या सौभाग्यवती इंदिराबाई होत्या त्या. जमुनाबाईंच्या हातात तिळगूळ ठेवून म्हणाल्या, “घ्या. आमच्या वेदिकाची पहिली.”

बुधवारी सकाळी अख्खी कॉलनी रस्त्यावर. बायका पिशव्या सोडत होत्या, कमल आणि तिच्या बाया बोरीच्या काटेरी फांद्या रोपांभोवती रचत होत्या. काटा हलत नाही, चमकत नाही, मातीत मिसळून जातो. काही पिशव्यांवरची नावं मुलांना हवी होती, ती कापून घरी नेली. गुरुवारी दुपारपर्यंत पिशव्यांचे गठ्ठे ट्रॉलीतून कारखान्याकडे गेले. रस्त्याच्या कडेला बोटांना काटे टोचलेल्या बाया आणि मोकळा माळ, एवढंच उरलं.

शुक्रवारी कळप आला, थांबला, परत गेला.

शनिवारी सकाळी आला, थांबला, बराच वेळ थांबला, परत गेला. संध्याकाळी आलाच नाही.

“सवय आहे त्यांची,” जमुनाबाई रणवीरला म्हणाल्या. “दोन वर्षांची भीती दोन दिवसांत जाईल होय?” पण हे सांगताना त्या मनात तास मोजत होत्या. रात्रभर त्या कुशी बदलत होत्या. शेवटी देवाला सांगितलं की, माझ्या गाठीचा हिशेब त्या मुक्या जनावरांकडून घेऊ नकोस.

रविवारी त्या पहाटेपासून मचाणावर होत्या. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. तिकडच्या माळावर काहीच हालचाल नाही. अकराला कृतिकानं जबरदस्तीनं खाली उतरवून घरी नेलं. समोर पोहे ठेवले, वर शेव घातली. जमुनाबाई चमचा हातात धरून बसून राहिल्या.

तेवढ्यात कमल धावत आली. दारात उभी राहून धापा टाकत होती.

“काय झालं? बोल ना बाई!”

“माजी... वी तो चरी रिया हे.”

“चरताहेत? कुठे?”

“अणी आड़ी! तलाव कने!”

जीप सुरू करायला रणवीरला किल्ली सापडेना. जमुनाबाई चालत निघाल्या, जीपनं त्यांना वाटेत गाठलं.

खरंच होतं. इकडच्या माळावर, कापलेल्या पट्ट्यांत, भर दुपारच्या उन्हात हरिणी चरत होत्या. दोन पाडसं उभ्या गवताच्या कडेला उड्या मारत होती. एक हरिणी मिठाचं ढेकूळ इतक्या मन लावून चाटत होती की जणू दोन वर्षांचं आजच वसूल करायचंय. ओलांडताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं. सगळी माणसं जेवायला गेली आणि कळप आला. रणवीरनं मोजलं. पुन्हा मोजलं.

“तेहेतीस.”

जमुनाबाईंनी दुर्बीण घेतली. रस्त्याच्या पलीकडे, खडकावर, तो काळा नर एकटा उभा होता. नर आपली जागा सहजी सोडत नाही, हे त्यांना माहीत होतं. लेंड्यांचे ढीग घालून आखलेली ती त्याची हद्द. तिच्यासाठी तो आयुष्यभर लढलेला. हरिणी गेल्या तरी तो उभाच होता. मान उंच, शिंगं मागे, जसा कुणी जुना जहागीरदार.

“उद्या सकाळी नऊला धमाका,” रणवीर पुटपुटला. “हा राहिला तर?”

जमुनाबाईंनी दुर्बीण खाली घेतली नाही. एक वाजला, दोन वाजले. एव्हाना कॉलनीतली माणसं कळून कळून जमायला लागली होती, पण कमलनं त्यांना लांबच अडवून बसवलं, आणि एरवी कुणाचं न ऐकणारी ती माणसं मुकाट बसली. कृष्णराव आले, त्यांच्या बोटाला धरून वेदिका. तीन वाजून गेले.

मग नर खडकावरून उतरला. सावकाश रस्त्यापर्यंत आला. काटेरी कुंपण हुंगलं. मागे वळून आपल्या माळाकडे एकदा पाहिलं. इकडे तळ्याकाठी एका हरिणीनं मान वर केली. एवढंच. आणि त्यानं उडी घेतली. केवढी ती उडी! एवढ्याशा कुंपणाला तिची गरज नव्हती, पण काळवीट उडी मारतं तेव्हा गरजेपुरती मारत नाही. उन्हात काळी पाठ आणि पांढरं पोट एकदम चमकलं, दुसऱ्या उडीला तो इकडे होता, आणि मग काहीच न झाल्यासारखा ऐटीत चालत कळपाकडे गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेदिकानं हात वर केला होता, तो आजोबांनी हलकेच खाली घेतला. जमुनाबाईंनी श्वास सोडला. किती दिवसांचा कोंडलेला होता कोण जाणे. मग त्या तिथंच मुरमावर बसल्या.

सोमवारी सकाळी नऊला भोंगा वाजला. पश्चिमेकडे जमीन हादरली, धुळीचा पांढरा लोट वर गेला. नव्या माळावर चौतीस माना एकदम उचलल्या गेल्या. कळप उधळला, पळाला, पण पळाला तो पूर्वेकडे, माळाच्या पोटातच. लांबवर दिसत होतं सगळं. मागे कुत्रं नव्हतं, पुढे काही नव्हतं. चार-पाचशे पावलांवर म्हातारी हरिणी थांबली, वळून पाहिलं, कान हलवले आणि खाली वाकून गवताला तोंड लावलं. मग एकेक करत सगळे चरायला लागले.

कृष्णरावांनी टोपी काढली. “बाई, पाप तुमच्या माथी घेतलं होतंत ना?”

“हो.”

“मग पुण्यही घ्या आता. माझ्या ऑफिसात ठेवायला जागा नाही.”

मंगळवारी दुपारी रणवीर त्यांना धारला पोचवायला निघाला. कृतिकानं बरोबर शेवेची पिशवी आणि तिळाच्या वड्यांचा डबा दिला, पाया पडली. खदानीचं फाटक मागे पडलं तशा जमुनाबाई सांगायला लागल्या, “पुढच्या दसऱ्यानंतर पट्टे उलटे काप. यंदा ठेवलेले कापायचे, कापलेले ठेवायचे. सुबाभूळ पुन्हा फुटेल, ती लहान असतानाच उपट, दया करू नकोस. तळ्याचा काठ गाळानं निसरडा होतो, तिथं मुरूम टाक. कमलला आधी विचार, मग कर. आणि उन्हाळ्यात गवताला आग लागू नये म्हणून कडेनं...”

रणवीरनं विचारलं, “कडेनं काय, आत्यासाहेब?”

जमुनाबाईंची मान खिडकीला टेकली होती, तोंड जरासं उघडं होतं. किती रात्रींनी त्या पहिल्यांदाच गाढ झोपल्या होत्या. रणवीरनं जीप हळू केली आणि खड्डे चुकवत चालवायला लागला.